उजळ-गडदाच्या मागावर

गेल्या चारपाच वर्षांतल्या चित्रवह्या आणि त्याच काळात शिवलेल्या गोधड्या ओळीने मांडल्या, तर सुरुवातीला या दोन छंदांचा एकमेकांशी काही संबंध होता असं कुणाला वाटणार नाही. वह्यांत एसटी स्टँडवर पेंगणारी माणसं, देवळापुढच्या दीपमाळा, घाटातली झाडं, सगळं पेन्सिलीत. गोधड्यांत आईची जुनी लुगडी, शिंप्याकडची कात्रणं आणि रंगांची नुसती जत्रा. निवृत्त गृहस्थाने सुई हातात धरल्यावर सोसायटीत जे बोललं गेलं ते सोडून देतो. गल्लीतले शिंपी कोण असतात, हे बोलणाऱ्यांनी आठवून पाहावं.

माझ्या पिढीला रंग भेटले ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे. संकल्पचित्रात उष्ण रंग, शीत रंग, विरोधी रंगसंगती. पोस्टर कलरचा सपाट हात बसला आणि कडेने काळी रेघ ओढली की चित्र पुरं. दोन आकार वेगळे दिसायचे ते बरेचदा त्या रेघेच्या जोरावर, श्रेय मात्र रंगसंगतीला मिळायचं. गोधडीत अशी पळवाट नसते. तुकडा तुकड्याला थेट भिडतो.

छंदाला वळण लागलं ते खणाच्या दोन तुकड्यांपाशी. एक लाल, एक हिरवा. रंगचक्रावर समोरासमोर बसणारे, म्हणजे उठाव हमखास. सहज म्हणून मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढला, तर दोघेही एकाच राखाडीत विरून गेले. कुठे लाल संपतो आणि कुठे हिरवा सुरू होतो, सांगता येईना. उलट ज्या गोधडीची नक्षी खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता यायची, तिच्यात रंग जेमतेम तीन होते: कोरं मांजरपाट, धुऊन विटलेला निळा आणि काळपट जांभळा. फोटोतही ती तशीच ठसठशीत आली.

मग शिवणाआधी पेन्सिल आली. काडेपेटीएवढ्या चौकोनात तीनच छटा: कागदाचा पांढरा, २बीचा मधला करडा, ६बीचा गडद. त्यात आराखडा उभा राहिला तरच कात्री चालवायची. याची परतफेड वहीतही झाली. पूर्वी मी झाडाची पानं काढत बसायचो. आता डोळे किलकिले करून आधी बघतो की जवळची झाडी किती गडद आणि मागच्या डोंगररांगा पावसाळी हवेत किती फिक्या. अमेरिकी चित्रकलाशिक्षक आर्थर वेस्ली डाऊ यांनी १८९९ च्या ‘कॉम्पोझिशन’ या पुस्तकात आधी रेषा, मग उजेड-अंधाराची मांडणी आणि शेवटी रंग असा क्रम लावला होता. मी त्या क्रमाला सुईच्या वाटेने पोचलो.

अमेरिकेतल्याच ‘लॉग केबिन’ गोधड्या पाहिल्यावर रचनेचं कोडंही थोडं सुटलं. मधे लहान चौकोन, त्याभोवती पट्ट्या. कर्णाच्या एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला गडद. असे चौकोन फिरवून जोडले की कधी शंकरपाळ्यांची नक्षी होते, कधी नांगरटीच्या तासांसारखे तिरपे पट्टे. कापड तेच, शिवण तीच.

याचा अर्थ रंग बिनकामाचा असा नाही. तो फार लबाड आहे, इतकंच. पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपटांच्या कारखान्यात रंगविभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळ्या धाग्याला काळेपणाच नाही. त्यांनी तपासलं, तर धागा चोख होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो फिका दिसत होता. त्यातून रंगांच्या परस्पर परिणामावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८३९ मध्ये आला. माझ्या गोधडीतला करडा तुकडा शेंदरीजवळ निळसर आणि निळ्याजवळ तांबूस दिसतो, तेव्हा मला त्या विणकरांची दया येते. पैठणीच्या धूपछाँवात तर ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. तिथे शेजार धाग्याधाग्यात असतो आणि घडी मोडली की रंग बदलतो.

वेळेचाही हात असतोच. दिवेलागणीला लाल तुकडे काळवंडतात आणि निळे उजळतात, कारण मंद उजेडात डोळा निळ्याकडे अधिक झुकतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुलापानांवर हे टिपलं होतं. म्हणून तुकडे निवडायचे ते दिवसाउजेडी, हा नियम मी पाळतो.

सध्या एक उलटा उद्योग चालू आहे. सगळे तुकडे एकाच छटेचे, रंग मात्र वेगवेगळे. लांबून पाहिलं तर नक्षी हरवते, जवळ गेल्यावर रंग थरथरतात. घरात मतं दुभंगली आहेत: पत्नीला ही गोधडी मळकट वाटते, नातीला आवडते. धावदोरा पांढरा घातला तर परीक्षेतल्या त्या काळ्या रेघेचंच काम तो करील, म्हणून करड्या दोऱ्याची दोन रिळं आणली आहेत आणि एका कोपऱ्यात दोन्ही घालून पाहतो आहे.