मण्यार की कवड्या? : सर्पपरीक्षा आणि वैद्याचे कर्तव्य

पावसाळ्याच्या आरंभी एके पहाटे एक शेतकरी दांपत्य आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या चिकित्सालयात आले. जमिनीवर झोपलेली मुलगी पोटदुखीने जागी झाली होती. अंथरुणालगत मारलेला साप त्यांनी डब्यात आणला होता. ‘हा कवड्या, बिनविषारी’, असे शेजाऱ्यांनी सांगितल्याने ते केवळ पोटदुखीवर औषध मागत होते. अंगावर सूज नव्हती, दंशाची खूणही सापडेना.

आम्ही साप काठीने उलटून पाहिला. रंग निळसर काळा व चकचकीत. पांढरे अरुंद पट्टे जोडीजोडीने, मानेपासून काही अंतर सोडून सुरू झालेले व शेपटीकडे अधिक ठळक. पाठीच्या मध्यरेषेवरील खवले इतरांपेक्षा मोठे व षट्कोनी. शेपटीखालील खवल्यांची ओळ एकेरी. साप मण्यार होता. एव्हाना मुलीच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या. प्रतिसर्पविष व कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात तिला तत्काळ हलविले, म्हणून ती वाचली.

कवड्याचा रंग बहुधा तपकिरी असतो. त्याचे पट्टे मानेपाशी रुंद व स्पष्ट असून शेपटीकडे पुसट होत जातात. पाठीवरील खवले सारखेच, तर शेपटीखालील खवले दुहेरी असतात. डोके चपटे असते. पाली खाणारा हा साप भिंतीवर सहज चढतो व घरात वारंवार दिसतो. यामुळेच घोटाळा होतो. शिवाय काही मण्यारांच्या पुढील भागावर पट्टे नसतात. म्हणून केवळ पट्ट्यांवर विसंबू नये.

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात सर्पांचे दर्वीकर, मंडली, राजिमान, निर्विष व वैकरंज असे भेद सांगितले आहेत. राजिमान म्हणजे अंगावर रेषा असलेले. ते रात्रीच्या अखेरच्या प्रहरी संचार करतात, असेही तेथे नमूद आहे. मण्यार या वर्णनाशी बराच जुळतो. त्या पहाटेची वेळ आठवली की आचार्यांच्या निरीक्षणाविषयीचा आदर दुणावतो.

तथापि सर्पपरीक्षा ही रुग्णपरीक्षेला पर्याय नव्हे. मण्यारच्या दंशाने वेदना व सूज अत्यल्प असते. पोटदुखी, पापण्या मिटणे, गिळण्यास त्रास व श्वासावरोध ही लक्षणे काही तासांनीही उद्भवतात. तेव्हा साप ओळखता आला नाही, अथवा तो बिनविषारी वाटला, तरी रुग्णाला घरी पाठवू नये. साप पकडण्यात वा मारण्यात वेळ दवडू नये. दुरून छायाचित्र मिळाले तर उत्तम. मेलेल्या सापालाही हात लावू नये, कारण मृत्यूनंतर काही काळ त्याचा जबडा दंश करू शकतो. भारतात मिळणारे बहुसंयुजी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर उपयुक्त असल्याने, सापाच्या नावाअभावी उपचार अडत नाहीत.

अगदतंत्राचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हा वैद्यांचे पहिले औषध म्हणजे रुग्ण वेळेत योग्य ठिकाणी पोहोचविणे.