ब्रिजिडची सुट्टी

२०२३पासून आयर्लंडमध्ये संत ब्रिजिडच्या सणाला सरकारी सुट्टी मिळू लागली. सण १ फेब्रुवारीचा. सुट्टी त्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी. (एक तारखेला शुक्रवार आला तरच त्या दिवशी.) डब्लिनहून भाचीचा फोन आला, "मावशी, तुझ्या ब्रिजिडमुळे तीन दिवस जोडून मिळाले. आम्ही स्पेनला चाललोय." झोंबलंच मला.

नव्वदच्या दशकात यांच्या नोकरीमुळे आम्ही केरी परगण्यात, डिंगलजवळ राहत होतो. पहिली दोन वर्षं पाऊस आणि कंटाळा. सणांपैकी संत पॅट्रिकच्या मिरवणुकीबद्दल काय लिहायचं? ती न्यूयॉर्कातही निघते.

मजा यायची २६ डिसेंबरला, 'रेन डे'ला. पेंढ्याचे पोशाख, तोंडावर मुखवटे, बासऱ्या, ढोल. थेट आमच्या शिमग्यातले खेळे! पूर्वी रेन नावाचा चिमुकला पक्षी मारून, 'होली' नावाच्या झुडपाच्या काटेरी फांदीला बांधून दारोदार पैसे मागत. आमच्या वेळी पक्षी सुटला होता, मागणं तेवढं उरलं होतं. आमच्याकडे उतरलेले एक मराठी डॉक्टर याला 'अडाणीपणा' म्हणाले. सोंगं आली तेव्हा कॅमेरा घेऊन सगळ्यांत आधी तेच धावले.

६ जानेवारीला बायकांचा नाताळ. कॉर्क-केरीकडे त्या दिवशी घरकाम पुरुषांचं. बायका एकमेकींकडे चहाला. यांनी दरवर्षी खिचडी करपवली. मी तक्रार केली नाही.

ब्रिजिड मात्र गाजावाजा न करता यायची. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्या बाई पाणथळ कुरणातून लव्हाळे आणायच्या. कापायचे नाहीत, उपटायचे. चुलीपाशी बसून त्यांचा क्रूस विणायचा, दारावर लावायचा. घराला आगीचं भय राहत नाही म्हणत. रात्री कुंपणावर एक फडकं टाकायचं. ब्रिजिड जाताजाता त्याला हात लावते, मग वर्षभर डोकं दुखलं की तेच बांधायचं. मी जुन्या साडीचा तुकडा टाकला होता. "चालेल, ती कापड बघत नाही," बाई म्हणाल्या.

सणाचा सगळा जीव त्या आदल्या रात्रीत होता. आता आदली रात्र विमानतळावर जाते.

२०२७ साली १ फेब्रुवारी सोमवारीच येते आहे. भाचीला आत्ताच सांगून ठेवलंय: त्या रविवारी तिकिटं काढू नकोस, लव्हाळे आण.