हिसाबाचा तक्ता पत्रात नेताना घ्यावयाची खबरदारी

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. सुरुवात केली तेव्हा लाल पुठ्ठ्याची रोजमेळ आणि खतावणी गल्ल्याशेजारी असे. आज त्या जागी कॉम्प्युटर आहे. देवगाव फाट्यावर सेलू, जिंतूर, मंठा या बाजूंचे गिऱ्हाईक येते; नगद कमी, उधारी जास्त. हा सगळा हिसाब आम्ही एक्सेलमध्ये ठेवतो. ठोक व्यापाऱ्याला पत्र, भागीदारांना सालाचा हिसाब, मशीद कमिटीचा जमाखर्च असे बाहेर जाणारे कागद मात्र वर्डमध्ये होतात. म्हणजे आकडे एका घरात आणि मजकूर दुसऱ्या घरात. एका घरातून दुसऱ्या घरात आकडे नेताना काय होते, हे न समजल्यामुळे आम्ही स्वतः एकदा खजील झालो आहोत. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांवर तशी वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

आमच्याकडून झालेली चूक

एका ठोक व्यापाऱ्याकडून आम्ही वर्षानुवर्षे माल उचलतो. उधारीची मुदत तीस दिवसांवरून पंचेचाळीस दिवस करून मिळावी, असे पत्र आम्ही त्यांना लिहिले. मागील तीन वर्षांत किती माल घेतला आणि किती दिवसांत पैसे चुकते केले, याचा तक्ता व एक आलेख पत्रात घातला. पत्र छान दिसले. ई-मेलने पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुनीमजींचा फोन आला. म्हणाले, "शेठजी, पत्र मिळाले, पण त्याच्याबरोबर तुमची पूर्ण वहीच आली आहे." त्यांनी आलेखावर क्लिक करून 'एडिट डेटा' उघडले, तर आमची संपूर्ण एक्सेल फाइल समोर आली. कोणत्या गावच्या कोणत्या गिऱ्हाईकाकडे किती बाकी आहे, कोणाच्या मुलीच्या लग्नाचे कापड उधार गेले आहे, दुसरे ठोक व्यापारी आम्हाला काय भाव देतात, सर्व काही त्यात होते. मुनीमजी भले गृहस्थ. त्यांनी फाइल मिटवली आणि आम्हाला सावध केले. दुसरा कोणी असता तर?

भावाचे नुकसान आमचे स्वतःचे होते, ते आम्ही सोसले असते. परंतु गिऱ्हाईकाची उधारी ही त्याची अब्रू आहे आणि ती आमच्याकडे अमानत आहे. सूरह बकरामधील 282 वी आयत, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहून ठेवणे आपल्यावर आहे, तसे लिहिलेले जपणेही आपल्यावरच आहे.

तक्ता नेण्याच्या वाटा

आता मूळ गोष्ट समजून घेऊ. एक्सेलमध्ये तक्ता निवडून 'कॉपी' केले आणि वर्डमध्ये 'पेस्ट' केले, की काम झाले असे आपल्याला वाटते. पण पेस्ट करण्याच्या वाटा चार आहेत, आणि प्रत्येकीचा परिणाम वेगळा.

पहिली वाट साध्या तक्त्याची. साधे पेस्ट केले की आकडे व रकाने वर्डमध्ये उतरतात. मूळ फाइलशी त्यांचा संबंध राहत नाही. कागदावर हाताने नक्कल उतरवावी, तसाच हा प्रकार. मात्र या तक्त्यात बेरजेचे सूत्र येत नाही, फक्त बेरजेचा आकडा येतो. म्हणून एखादी रक्कम चुकली असेल तर ती वर्डमध्ये दुरुस्त करू नये. रक्कम बदलेल, खालची बेरीज जुनीच राहील, आणि समोरचा माणूस समजेल की हिसाबात गडबड आहे. दुरुस्ती एक्सेलमध्ये करावी आणि तक्ता पुन्हा उतरवावा.

दुसरी वाट चित्राची. पेस्टच्या पर्यायांत 'पिक्चर' निवडले की तक्त्याचा किंवा आलेखाचा जणू फोटो निघतो. त्यात कोणालाही आकडा बदलता येत नाही, आणि मागची वहीही जात नाही.

तिसरी वाट जोडणीची, म्हणजे 'लिंक'. यात वर्डमधला तक्ता एक्सेलच्या फाइलला बांधलेला राहतो. तिकडे आकडा बदलला की लिंक ताजी करताच इकडेही बदलतो.

चौथी वाट 'एम्बेड'ची. वर्डमधील 'पेस्ट स्पेशल'मध्ये जाऊन 'एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट' म्हणून पेस्ट केले, किंवा आलेख पेस्ट करताना 'एम्बेड वर्कबुक' हा पर्याय घेतला, तर एक्सेलची पूर्ण फाइल वर्डच्या पोटात जाऊन बसते. दिसतो एकच तक्ता, पण सोबत सगळी पाने जातात. लपवून ठेवलेली पानेही जातात. आमची चूक ती हीच.

तक्ता आणि आलेख यांत एक फरक लक्षात ठेवावा. तक्ता साधा पेस्ट केला तर तो साधाच येतो. आलेखाचे तसे नाही. अलीकडच्या वर्डमध्ये आलेख साधा पेस्ट केला तरी तो बहुधा लिंक होऊन येतो. अशा वेळी समोरच्याच्या मशीनवर आलेख दिसतो, पण त्याचे आकडे उघडू गेल्यास जोडलेली फाइल सापडत नाही असा संदेश येतो. म्हणून आलेख पेस्ट केल्याबरोबर जो छोटा पर्यायांचा चौकोन दिसतो, तो उघडून 'पिक्चर' निवडावे.

जकातीच्या दिवसाचा आकडा

लिंक वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. दर आठवड्याला एकच तक्ता नव्या आकड्यांसह स्वतःच्या दुकानासाठी काढायचा असेल, तर लिंकसारखी सोय नाही. पण जो आकडा एका तारखेचा आहे, तो लिंकवर ठेवू नये.

उदाहरणासाठी जकात घ्या. आमच्या दुकानात भागीदार आहेत. जकातीच्या तारखेला आम्ही हिसाबाचा कागद प्रत्येकाला देतो, म्हणजे ज्याने त्याने आपल्या हिश्श्याची जकात काढावी. मासल्यासाठी आकडे असे धरू: दुकानातील माल 8,40,000 रुपये, वसूल होणारी उधारी 2,10,000, नगद व बँकेत 90,000, एकूण 11,40,000. त्यातून देणे 3,40,000 वजा केले तर राहिले 8,00,000. अडीच टक्के दराने जकात 20,000 रुपये. (मालाची किंमत कशी धरावी, कोणते देणे वजा करावे, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवावे.)

आता हा तक्ता लिंकने पेस्ट केलेला असेल, तर काय होईल? महिनाभराने एक्सेलमध्ये नवा माल चढवला. एखाद्या भागीदाराने कागद पुन्हा मागितला. फाइल उघडताना वर्डने विचारले, लिंक ताजी करू का? आपण 'होय' म्हटले. कागदावर तारीख जुनी आणि आकडे नवे! भागीदार घरच्या प्रतीशी ताडून पाहील तर आकडा जुळणार नाही, आणि मनात किंतु येईल. भागीदारीत किंतु शिरला की दुकान टिकत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

तेव्हा तारखेचा कागद तयार झाला की लिंक तोडून टाकावी. वर्डमध्ये 'फाइल'मधील 'इन्फो'त जाऊन 'एडिट लिंक्स टू फाइल्स' उघडावे आणि 'ब्रेक लिंक' करावे. आकडे त्या दिवसाचे कायम राहतात.

आलेखाखाली दोन ओळी लिहाव्यात

आकड्यांचा आलेख काढण्याची रीत जुनी आहे. विल्यम प्लेफेअर याने 1786 साली इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे आलेखांत मांडले. त्याचा फायदा असा की दहा रकाने न वाचता चढउतार एका नजरेत कळतो. तोटाही तोच. एका नजरेत चुकीचा समजही होतो.

आपल्या कापड व्यापाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण आपला हंगाम चंद्रावर चालतो आणि हिसाबाचे साल एप्रिल ते मार्च असते. ईद-उल-फित्र 2023 साली 22 एप्रिलला, 2024 साली 11 एप्रिलला आणि 2025 साली 31 मार्चला झाली. म्हणजे 2024-25 या एकाच आर्थिक सालात दोन ईद आल्या. एप्रिल 2024 मधील रमजानचे शेवटचे दहा दिवस, ज्यात खरी गर्दी होते, आणि मार्च 2025 चा पूर्ण रमजान, दोन्हींची विक्री त्यात धरली गेली. आधीच्या 2023-24 सालात ईद एकच होती. आलेखात 2024-25 चा खांब उंच दिसला तर पाहणारा म्हणेल, धंदा वाढला. खरे तर वाढली ईद!

एक्सेलमध्ये असताना शेजारी इतर नोंदी असतात, आपल्याला कारण माहीत असते. आलेख तिथून उचलून पत्रात नेला की तो एकटा पडतो. म्हणून आलेखाखाली दोन ओळी लिहाव्यात: आकडे कोणत्या सालाचे, रुपयांत की हजारांत, आणि चढउताराचे काही खास कारण असल्यास ते. मालाची तारीफ खरी करावी, ऐब सांगावा, हा आपल्या व्यापाराचा दंडक आहे. आलेखालाही तोच लागू.

आणखी एक गोष्ट. पत्राची झेरॉक्स निघते. लाल, निळा, हिरवा हे रंग झेरॉक्समध्ये एकसारखे राखाडी होतात. रंगांवर भरवसा न ठेवता प्रत्येक खांबावर आकडा लिहून घ्यावा.

अक्षरांची भानगड

आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे. मराठी टायपिंग आम्हाला जमत नाही, ते फाट्यावरील झेरॉक्सच्या दुकानात करून घेतो. जुन्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये आहेत. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तक्ता वर्डमध्ये नेताना 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' निवडले की फॉन्ट बदलतो आणि 'सुती धोतर' लिहिलेल्या जागी इंग्रजी चिन्हांचा चुरा दिसू लागतो. आकडे कोणत्या मालाचे, हेच कळत नाही. अशा जुन्या तक्त्यासाठी 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' निवडावे. तरीही समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर चुराच दिसेल. यापुढे टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्यावे; ते कुठेही नेले तरी मराठी मराठीच राहते. उर्दूतही हेच. जुन्या इनपेजमधील मजकूर थेट वर्डमध्ये आणला तर वाचता येत नाही, युनिकोड उर्दू मात्र व्यवस्थित येते.

तक्ता रुंद असेल तर उजवीकडचे रकाने पानाबाहेर जातात आणि छापताना नेमकी 'बाकी'च कापली जाते. तक्त्यावर क्लिक करून 'लेआउट'मध्ये 'ऑटोफिट विंडो' करावे किंवा पान आडवे घ्यावे. तक्ता दुसऱ्या पानावर जात असेल तर 'रिपीट हेडर रोज' करावे, म्हणजे रकान्यांची नावे प्रत्येक पानावर येतात.

पाठवण्यापूर्वी

सारांश असा. घरच्या कागदासाठी लिंक चालेल. बाहेर जाणाऱ्या कागदात साधा तक्ता व चित्ररूपी आलेख घालावा. एम्बेड केलेली फाइल दुकानाबाहेर जाऊ देऊ नये. शेवटी वर्डची फाइल न पाठवता तिची पीडीएफ करून पाठवावी. त्यात कागदावर दिसते तेवढेच जाते, मागची वही जात नाही.

ज्यांच्या घरात एम.एस.-सी.आय.टी. झालेली मुले-मुली आहेत, त्यांनी हे काम मुलांकडून जरूर करून घ्यावे. मात्र कोणता कागद कोणाकडे जाणार आहे, हे आधी त्यांना सांगावे. पेस्ट कसे करायचे हे मुलांना आपल्यापेक्षा चांगले कळते. कोणाची बाकी कोणासमोर उघडायची नाही, हे त्यांना आपणच शिकवायचे आहे.

आम्ही त्या दिवसानंतर उधारीची फाइल वेगळी केली आणि बाहेर जाणाऱ्या आकड्यांची वेगळी. अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यापारात बरकत देवो आणि आपल्याकडे ठेवलेल्या अमानती सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.