माहिती अधिकारात उत्तर मिळाले नाही? तक्रार आणि अपील यांतला फरक

समजा, गावातल्या रस्त्याच्या कामाची बिले मागण्यासाठी एका नागरिकाने १ जूनला सरकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दिला. महिना उलटला तरी उत्तर आले नाही. वैतागून त्याने थेट राज्य माहिती आयोगाकडे तक्रार केली. पुढे आयोगाने अधिकाऱ्याला दंड केला, तरी बिले त्याच्या हाती पडतीलच असे नाही. असे का?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये दाद मागण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. कलम १८ खाली तक्रार करता येते आणि कलम १९ खाली अपील.

तक्रारीतून काय मिळते?

जन माहिती अधिकारी नेमलेलाच नसणे, अर्ज घेण्यास नकार, मुदतीत उत्तर न देणे, अवाजवी शुल्क मागणे, अपुरी किंवा खोटी माहिती देणे, या कारणांसाठी थेट आयोगाकडे तक्रार करता येते. पण ती अधिकाऱ्याच्या वागणुकीविरुद्ध असते. तक्रारीवर आयोग माहिती देण्याचा आदेश काढू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या एका प्रकरणात डिसेंबर २०११ मध्ये स्पष्ट केले. कलम २० नुसार दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हा दंड सरकारजमा होतो, अर्जदाराला मिळत नाही.

माहिती हवी असेल तर?

त्यासाठी अपीलच करावे लागते.

• पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे करायचे. उत्तर मिळाल्यापासून किंवा उत्तराची ३० दिवसांची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत ते दाखल व्हावे. वरच्या उदाहरणात १ जुलैला उत्तराची मुदत संपते, म्हणून अपील ३१ जुलैपर्यंत करायला हवे. उशिराचे सबळ कारण असेल तर नंतरही ते स्वीकारले जाऊ शकते.
• पहिल्या अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, लेखी कारण देऊन जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवा.
• त्यानेही समाधान झाले नाही किंवा निर्णयच आला नाही, तर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

महाराष्ट्रात राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी पहिले अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये आणि दुसरे जोडपत्र ‘क’ मध्ये करतात. प्रत्येकावर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. मूळ अर्जाची प्रत आणि पोचपावती जपून ठेवावी. मुदत कधी संपली, हे त्यावरूनच सिद्ध होते.

लक्षात ठेवण्यासारखे

माहिती का नाकारली, हे पटवून देण्याची जबाबदारी अपिलात अधिकाऱ्यावर असते, अर्जदारावर नाही. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला दंड करण्याचा अधिकार नाही. आयोग मात्र दुसऱ्या अपिलात माहिती देण्याचा आदेशही देऊ शकतो आणि दंडही करू शकतो. म्हणून दुसऱ्या अपिलात दोन्ही मागण्या स्पष्ट लिहाव्यात.

थोडक्यात, कागद हवा असेल तर अपील. फक्त अधिकाऱ्यावर कारवाई हवी असेल तर तक्रार. तक्रारीच्या निकालाची वाट पाहण्यात पहिल्या अपिलाचे ३० दिवस निघून जाऊ देऊ नयेत.