‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणजे कर्मणी प्रयोग का?

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे विड्याच्या पानांसाठी ओळखले जाणारे गाव. तिथल्या पानमळ्यातले एक साधे वाक्य घेऊ : ‘शेतकऱ्याने पाने खुडली.’ मराठीच्या तासाला आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. इंग्रजीच्या तासाला ‘पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग’ असे सांगतो. मग विद्यार्थी भाषांतर करतो, ‘द लीव्ह्ज वेअर प्लक्ड बाय द फार्मर’. सरळ भाषांतर होते, ‘द फार्मर प्लक्ड द लीव्ह्ज’. चूक विद्यार्थ्याची नाही, आपल्या समीकरणाची आहे.

कर्मणी हे नाव क्रियापद कोणाप्रमाणे बदलते यावरून पडले आहे. पान खुडले, पाने खुडली, शेंग खुडली. कर्माचे लिंग-वचन बदलले की क्रियापद बदलते. पण वाक्यातला कर्ता शेतकरीच राहतो. ‘शेतकऱ्याने आपल्या मळ्यातली पाने खुडली’ यात ‘आपल्या’ म्हणजे शेतकऱ्याच्याच. शिवाय ही रचना आपण मुद्दाम निवडत नाही. ‘शेतकरी पाने खुडतो’ हे वाक्य भूतकाळात नेले की ती आपोआप येते. भाषाशास्त्रात अशा रचनेला ‘अर्गेटिव्ह’ म्हणतात.

पॅसिव्ह व्हॉइस मात्र बोलणारा निवडतो, आणि तो कोणत्याही एका काळाशी बांधलेला नाही. त्यात कर्म उद्देश्याच्या जागी येते. कर्ता मागे सरतो किंवा गाळला जातो. मराठीत त्याच्या जवळची रूपे म्हणजे ‘पाने खुडली गेली’ किंवा ‘पाने खुडण्यात आली’. पहिल्या रूपाला आपली व्याकरणे नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. ‘कडून’ मात्र जपून वापरावे. ‘माझ्याकडून कप फुटला’ यात हेतू नव्हता, असा अर्थ येतो.

प्रयोगवहीत ‘द्रावण तापवण्यात आले’ हे चालते, कारण तिथे कृती महत्त्वाची, माणूस नव्हे. पण नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याने ‘पाणी सोडण्यात येईल’ अशी सूचना वाचली, तर कोण सोडणार आणि न सोडल्यास कोणाला विचारायचे, हे त्याला कळत नाही.

म्हणून वर्गात एक उपक्रम करून पाहावा. वर्तमानपत्रातली ‘-ण्यात आले’ अशी पाच वाक्ये मुलांना शोधायला सांगावीत. प्रत्येक वाक्याला ‘कोणी?’ असा प्रश्न विचारावा. उत्तर कुठे गाळले आहे आणि का, याची चर्चा झाली की पॅसिव्ह व्हॉइस पाठ करावा लागणार नाही.