शून्य वसुलीचा प्रभाग

सकाळी साडेसात. डोंबिवली पूर्व. डबा भरून झाला की लॅपटॉपची बॅग पाठीवरून पोटावर येते, कारण फलाटावर पाठीवरच्या बॅगेला कोणी जागा देत नाही. फास्टच्या नादी न लागता मी डोंबिवलीहून सुटणारी स्लो पकडते. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. उशीर होतो, पण लेडीजमध्ये बसायला मिळतं आणि मेल वाचून होतात.

आजचा पहिला मेल एका महापालिकेच्या कर विभागाचा. आमची कंपनी त्यांच्या मालमत्ता कराचे अहवाल काढते. मजकूर एका ओळीचा: अभय योजनेच्या प्रभागनिहाय तक्त्यात एक प्रभाग दिसत नाही, कृपया खुलासा करावा.

साडेनऊ, वागळे इस्टेट. चहा यायच्या आत क्वेरी उघडली. पावत्यांच्या टेबलावर व्हेअर योजना = 'अभय', मग ग्रुप बाय प्रभाग, मग रकमेची सम. वाचायला अगदी सोज्वळ. पण व्हेअर गट पडण्याआधी चालतो. त्या प्रभागात अभय योजनेत कोणीच पैसे भरले नसतील तर त्याच्या सगळ्या पावत्या दारातच गळतात, आणि ज्याची एकही ओळ उरली नाही त्याचा गटच होत नाही. तक्त्यात शून्य यायला हवं होतं, तिथे प्रभागच नाहीसा. माझ्या मते हा चुकीच्या आकड्याहून वाईट प्रकार. चुकीचा आकडा कोणाला तरी खटकतो. नसलेली ओळ शोधायला माणसाला प्रभागांची यादी पाठ असावी लागते.

उपाय जुनाच आहे. अट व्हेअरमधून उचलायची आणि बेरजेच्या पोटात ठेवायची: सम(केस व्हेन योजना = 'अभय' देन रक्कम एल्स ० एन्ड). आता सगळ्या पावत्या आत येतात, सगळे गट पडतात, आणि कोणती रक्कम मोजायची ते प्रत्येक ओळीपुरतं ठरतं. शिवाय एखाद्या प्रभागात मुळात पावतीच फाटली नसेल, तर प्रभागांचं मास्टर टेबल डावीकडे ठेवून पावत्या लेफ्ट जॉइनने आणायच्या. हे दोन्ही केलं तरच यादी पुरी होते. त्याच फेरीत शेजारचे रकानेही निघतात: ऑनलाइन भरणा, धनादेश, रोख. पूर्वी त्यासाठी वेगवेगळ्या क्वेऱ्या चालायच्या आणि त्यांचे निकाल एक्सेलमध्ये हाताने शेजारीशेजारी चिकटवले जायचे.

अकरा वाजता नवा मुलगा स्क्रीन घेऊन आला. कल्याणचा, हुशार, घाईचा. त्याला एक लाखावर थकबाकी असलेल्या मालमत्ता प्रभागनिहाय मोजायच्या होत्या. सकाळची क्वेरी बघून त्याने सम काढून काउंट घातलं: काउंट(केस व्हेन थकबाकी > 100000 देन १ एल्स ० एन्ड). उत्तर असं आलं, की प्रत्येक प्रभागातली प्रत्येक मालमत्ता लखपती थकबाकीदार.

"काउंट काय मोजतं?" मी विचारलं.

"ओळी."

"ओळी नाही. नल नसलेल्या किमती. तुझं शून्य नल आहे का?"

तो थांबला. "म्हणजे शून्यसुद्धा मोजलं गेलं. पण मॅडम, सकाळी तुम्हीच एल्स शून्य लिहायला सांगितलंत."

"सममध्ये. तिथे शून्य मिळवल्याने काही बिघडत नाही, आणि नाही लिहिलं तर ज्या प्रभागात अट कुठेच लागत नाही तिथे बेरीज नल येते. तक्त्यात ती कोरी दिसते. कोरी जागा बघून साहेब विचारतात, माहिती यायची आहे का? काउंटमध्ये मात्र एल्स काढून टाक."

"आणि ॲव्हरेजला?"

प्रश्न चांगला होता. सरासरीत एल्स शून्य घातलं की अटीबाहेरच्या सगळ्या मालमत्ता भाजकात शिरतात. थकबाकीदारांची सरासरी थकबाकी काढायला जावं आणि वेळेवर कर भरणाऱ्यांनी ती खाली ओढावी, असा तो प्रकार. तिथेही एल्स नको. त्याने हे वहीत लिहून घेतलं. वही वापरणारा इंजिनीअर हल्ली दुर्मीळ, म्हणून मला तो आवडतो.

मग त्याने पोस्टग्रेसमधलं फिल्टर दाखवलं: काउंट(*) फिल्टर (व्हेअर ...). वाचायला फार छान. ही सोय एसक्यूएलच्या 2003 च्या मानकात आली, पोस्टग्रेसमध्ये 2014 साली 9.4 आवृत्तीत. पण मायएसक्यूएलमध्ये ती नाही, एसक्यूएल सर्व्हरमध्येही नाही, आणि आमची गिऱ्हाइकं या सगळ्यांवर विखुरलेली. केस 1992 च्या मानकातली, ती सगळीकडे चालते. आम्ही केसच लिहितो.

दीडला डबा. शेपू होती. पुढे.

दोनला कर विभागाशी फोन. पलीकडे निवृत्तीला आलेले एक लिपिक, ज्यांना मी भाऊसाहेब म्हणते. त्यांना एसक्यूएल येत नाही, पण मागणी, वसुली, शिल्लक ही नोंदवही त्यांनी हाताने लिहिली आहे. एक पावती घ्यायची, पैसे मागील थकबाकीचे की चालू मागणीचे की शास्तीचे ते बघायचं, तेवढ्याच रकान्यात रक्कम टाकायची, बाकीच्यांत रेघ, आणि पानाखाली उभी बेरीज. आमची केस व्हेन म्हणजे ही वहीच. त्यामुळे भाऊसाहेबांना अट समजावून सांगावी लागत नाही, उलट तेच सांगतात.

"मॅडम, मार्चअखेरची वसुली आमच्या कॅशबुकला जुळत नाही. तुमची कमी आहे."

केसमधली अट बघितली: पावतीची वेळ बिट्वीन '2024-04-01' आणि '2025-03-31'. कॉलममध्ये तारखेबरोबर वेळही आहे. नुसती तारीख दिली की डेटाबेस तिला मध्यरात्रीचे बारा समजतो, म्हणजे 31 मार्चचा दिवस सुरू होताक्षणी हिशेब बंद. वर्षातली सगळ्यात मोठी रांग ज्या दिवशी लागते, तोच दिवस बाहेर. अट बदलली: 1 एप्रिल 2024 पासून, आणि 1 एप्रिल 2025 च्या आत. रक्कम जुळली. भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "हां, आता बरोबर."

चार वाजता प्रभागांचा वाद. गट आजच्या प्रभागाने पाडायचा की पावती फाटली त्या दिवशीच्या? डोंबिवलीकराला हा प्रश्न समजावून द्यावा लागत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 सालची. तिच्यातली 27 गावं 2002 मध्ये बाहेर गेली आणि 2015 मध्ये परत आली. अशा जागी दहा वर्षांची तुलना मागितली की आधी हद्द कोणत्या सालची ते ठरवावं लागतं. आम्ही प्रभागाच्या नोंदीला 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन कॉलम जोडले आणि निर्णय साहेबांवर सोडला. तो काही क्वेरीने घ्यायचा नाही.

पाचला हॅविंग. मागणीच्या निम्मीही वसुली नसलेले प्रभाग हवे होते. इथे अट गटाच्या बेरजेवर, म्हणून ती हॅविंगमध्ये. यादी भलतीच लांब आली. कारण जॉइन: एका बिलावर तीन हप्त्यांच्या तीन पावत्या असल्या, की बिल तीनदा येतं आणि मागणी तिप्पट होते. आधी पावत्यांची बिलवार बेरीज करून मग जोडलं, तेव्हा यादी माणसात आली.

पावणेसात. शेवटचं काम, रोलअपने एकूण ओळ. प्रभागाची जागा कोरी असलेल्या दोन ओळी आल्या. एक खरी एकूण. दुसरी, ज्यांच्या नोंदीत प्रभागच भरलेला नाही अशा मालमत्तांची. ग्रुपिंग फंक्शनने दोन्हींना नावं दिली, 'एकूण' आणि 'प्रभाग नोंद नाही', आणि या दुसऱ्या मालमत्तांची यादी तपासणीसाठी मेलला जोडली.

कळवा सोडताना उत्तर आलं: यादी मिळाली. कृपया ती प्रभागनिहाय द्यावी.