हिशेब दुसऱ्याच्या हातूनही जमला पाहिजे

संशोधकाने संगणकाला द्यायच्या आज्ञा स्वच्छ कशा लिहाव्यात, या विषयावर कामगार चळवळीतल्या माणसाने का बोलावे, अशी शंका काही श्रोत्यांना येईल. पण वेतनकराराच्या बैठकीत बसणाऱ्याला आकड्यांचा स्वभाव ठाऊक असतो. समोरचा आकडा सांगतो, आणि तो कसा काढला असे विचारताच कागद मिटून ठेवतो. १९६३ साली मुंबईच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर कामगारांनी शंका घेतली आणि त्याच्या तपासणीसाठी प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली. महागाई भत्ता त्या आकड्याला बांधलेला होता; म्हणजे तो पोटाचा प्रश्न होता.

आता असे आकडे संगणक काढतो. त्याने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण सांगतो.

२०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अमेरिकेतील दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. १९४६ ते २००९ या काळातील २० प्रगत देशांची माहिती घेऊन त्यांनी दाखवले की, सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेले, तर वाढीचा सरासरी वेग उणे ०.१ टक्क्यावर येतो. युरोप-अमेरिकेत तेव्हा सरकारी खर्चाला कात्री लावण्याचा वाद पेटलेला होता. या निबंधामुळेच कात्री चालली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ती चालवू पाहणाऱ्यांनी त्याचा हवाला वारंवार दिला, हे खरे.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात काम मिळाले होते : एखाद्या छापील निबंधातील आकडे स्वतः पुन्हा काढून दाखवा. त्याला ते काही केल्या जमेनात. शेवटी त्याने लेखकांकडे मूळ एक्सेलचा तक्ता मागितला, आणि त्यांनी तो दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तक्त्यात सरासरीचे सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळींवर लावलेले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बेरजेतून अलगद गळाले होते. २०१३ साली हर्नडनने मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन या आपल्या अध्यापकांसह फेरहिशेब प्रसिद्ध केला. सरासरी निघाली अधिक २.२ टक्के.

मात्र ओळी गळाल्यामुळे पडलेला फरक जेमतेम ०.३ चा होता. मोठा फरक दुसरीकडून आला. काही देशांची युद्धानंतरची वर्षे हिशेबात नव्हती. आणि प्रत्येक देशाला, त्याची वर्षे कितीही असोत, सारखेच वजन दिलेले होते. न्यूझीलंडचे उरले होते एकच वर्ष, १९५१, वाढ उणे ७.६ टक्के; तक्त्यात तीही चुकून उणे ७.९ अशी उतरली होती. ब्रिटनची वर्षे १९, सरासरी अधिक २.४. दोघांचे वजन सारखे! (१९५१ हे न्यूझीलंडमध्ये गोदी कामगारांच्या १५१ दिवसांच्या लढ्याचे वर्ष. उत्पादन त्यामुळेच घसरले असा आमचा दावा नाही. पण एकाच वर्षावर भार टाकणाऱ्याने ते वर्ष कसे होते, एवढे तरी पाहावे.)

येथे चूक आणि निर्णय यांतला भेद ध्यानात घेतला पाहिजे. ओळी गळणे ही चूक. देशांना सारखे वजन द्यावे की वर्षांना, हा निर्णय. त्यावर शहाण्या माणसांचे दुमत होऊ शकते. एक्सेलच्या तक्त्यात दोन्ही सारखेच लपतात, कारण डोळ्यांसमोर उत्तर असते आणि सूत्र त्या चौकटीच्या पाठीमागे दडलेले असते.

हाच हिशेब प्रोग्राम म्हणून लिहिला, तर प्रत्येक पायरी कागदावर येते. मूळ माहितीच्या फाइलला हात लावायचा नाही. गाळणे, निवडणे, बेरीज हे सारे लिखित आज्ञांनी करायचे. एखादे वर्ष गाळले, तर ते का, हे त्याच जागी साध्या भाषेत टिपायचे. नावे ‘क’, ‘ख’ अशी न देता ‘कर्ज_टक्के’, ‘वाढ_टक्के’ अशी द्यायची; सहा महिन्यांनी आपणच आपल्याला परके होतो. मग एक चौकीदार ओळ : देशांची संख्या २० नसेल, तर येथेच थांब. ही ओळ असती, तर पाच देश गळताच काम अडले असते. वजनाचा निर्णयही एका जागी लिहावा, म्हणजे तो बदलून दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडता येतात. प्रोग्रामची कोणती आवृत्ती वापरली, तेही लिहून ठेवावे. आवृत्ती बदलली की कधी कधी उत्तरही बदलते.

हर्नडन आणि त्याच्या अध्यापकांनी आपला हिशेब ‘आर’ या भाषेत लिहिला आणि सर्वांना खुला केला. मूळ लेखकांनी ओळींची चूक कबूल केली. वर्षे आणि वजन यांबद्दलचा आक्षेप मात्र त्यांना मान्य झाला नाही. पण आता कोणालाही ती आज्ञावली उघडून, वजनाची ओळ बदलून, उत्तर किती हलते ते घरी बसून पाहता येत होते.